पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्या एकाच्या पानात तुपाची धार सोडावी आणि शेजारच्याच्या पानात नुसता वरणभात वाढून पुढे सरकावे, याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो मोठा दोष मानतात. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो वा बेळगाव. मुलूख बदलला, शेजारपाजारची भाषा बदलली, तरी लग्नामुंजीच्या पंगतीत वडीलधाऱ्यांची नजर वाढप्याच्या हाताकडे असते ती याच कारणासाठी. परंतु पंगतीतला अन्याय दोन प्रकारचा असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. पानात कमी वाढणे हा एक अन्याय; आणि पाटच न मांडणे हा त्याच्याही आधीचा. पाट मांडला म्हणजे पानातही सारखेच पडेल, असे आपण गृहीत धरतो. ते तसे नसते, हे दाखविणारी एक लांबची हकीकत या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलची आहे.

या परक्या खेळाशी आपले काय देणेघेणे, असे कोणी विचारील. आपल्या वाचक-कुटुंबांतील कित्येकांची मुले व नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत. अशाच एका परिचित घरी गेलो असता, पदवीचा अभ्यास करणाऱ्या नातवाने पाठविलेला फीचा तपशील आमच्या पाहण्यात आला. शिकवणी, ग्रंथालय, आरोग्य ही कलमे समजली. पण खेळ विभागासाठी म्हणून जी रक्कम लावली होती, ती पाहून आजोबांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. नातू रसायनशास्त्राचा, मैदानावर त्याने कधी पाऊल टाकलेले नाही. "मग हे पैसे कशाचे?" हा आजोबांचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या पंगतीपाशी येऊन पोचलो, तीच ही.

खेळ आणि त्याची बिरादरी

प्रथम हे सांगितले पाहिजे की, अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि अंगावर धडकण्याचा तो खेळ आहे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यात रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो सामना झाला आणि रटगर्सने ६-४ असा जिंकला, त्यापासून या खेळाचा आरंभ धरतात. त्या सामन्याचे नियम मात्र आजच्यापेक्षा अगदी निराळे होते.

पुढे खेळ वाढला तशी भांडणेही वाढली. भाडोत्री खेळाडू आणावेत, नियम मोडावेत, असे प्रकार होऊ लागले. त्यांना आळा घालण्यासाठी १८९६ मध्ये मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापिली. तीच आजची 'बिग टेन'. अशा संघटनेला तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. शेजारच्या विद्यापीठांनी आपसांत सामने ठरवावेत, नियम पाळावेत आणि उत्पन्न वाटून घ्यावे, असे तिचे मूळ स्वरूप. आपल्या भाषेत बोलायचे तर ही एक बिरादरीच. १९०६ मध्ये खेळातील मृत्यू आणि दुखापती यांनी देश हादरल्यावर सर्व विद्यापीठांची एक मध्यवर्ती संस्था निघाली. तिला आज 'एन.सी.ए.ए.' म्हणतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचा सारा गुंता तिच्यातून निघाला आहे. बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा ही मध्यवर्ती संस्था स्वतः भरविते. वरिष्ठ गटाच्या फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मात्र तिच्या हाती कधीच आले नाही. ते कॉन्फरन्सांनी आपल्याच हाती ठेवले. म्हणजे यजमान कोणी वेगळा नाही. जेवणारे बलवान पाहुणे तेच यजमान, आणि पळीही त्यांच्याच हाती.

वाडग्यांचे मानपान

हंगाम संपल्यावर खेळल्या जाणाऱ्या मानाच्या सामन्यांना 'बाऊल' म्हणतात. बाऊल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या प्रेक्षागारांवरून हे नाव पडले. यांपैकी सर्वांत जुना कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील 'रोझ बाऊल'. त्याचा पहिला सामना १ जानेवारी १९०२ रोजी झाला. मिशिगनने स्टॅनफर्डवर ४९-० अशी मात केली. स्टॅनफर्डनेच आठ मिनिटे शिल्लक असताना खेळ थांबविण्याची विनंती केली. या एकतर्फी प्रकाराने यजमान इतके खट्टू झाले की, पुढे काही वर्षे त्यांनी फुटबॉल सोडून रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ पासून मात्र सामना दरवर्षी होऊ लागला.

१९४६ मध्ये एक करार झाला. रोझ बाऊलच्या दोन पाटांपैकी एक पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्सच्या विजेत्याचा आणि दुसरा बिग टेनच्या प्रतिनिधीचा, असे ठरले. इतर कोणी कितीही चांगले खेळो, त्याला त्या दिवशी त्या मैदानावर जागा नाही. पुढे इतर बाऊलांनीही आपापले आवडते पाहुणे ठरवून टाकले. राष्ट्रीय विजेता कोण, हे तर वार्ताहरांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवरून ठरे. पहिला आणि दुसरा यांची गाठ पडलीच तर तो योगायोग.

या ढिल्या व्यवस्थेचा लहानांना एक लाभ होता. मतदार भोळे असोत वा उदार, कोणाच्याही पारड्यात मत टाकू शकत. १९८४ मध्ये डोंगराळ युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. लहान कॉन्फरन्समधील कोणाला तो मान मिळण्याची ती आजवरची अखेरची वेळ.

एकच वर्ष, दोन घटना

त्याच १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकालात निघाला. दूरदर्शनवर कोणाचे किती सामने दाखवावेत, हे तोवर मध्यवर्ती संस्था ठरवीत असे. दोन वर्षांत कोणत्याही संघाला ठराविक वेळांपेक्षा अधिक पडदा मिळू नये, असा तिचा दंडक होता. मोठ्यांचेच सामने सतत दाखविले तर लहानांच्या मैदानांकडे प्रेक्षक फिरकणार नाहीत, हे त्यामागील कारण. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठांनी या दंडकाला आव्हान दिले.

खटल्याच्या कागदपत्रांत एक उदाहरण आहे. १९८१ च्या एका शनिवार-रविवारी ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया या बलाढ्यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखविण्यात आला. त्याच वेळी सिटाडेल आणि ॲपालेचियन स्टेट या छोट्या संस्थांचा सामना अवघ्या चार केंद्रांवरून दाखविला गेला. चारही संघांना मिळालेली रक्कम सारखीच होती. मोठ्यांना हा उघड अन्याय वाटला. आमच्या वाचकांपैकी काहींना, विशेषतः पंगतीत वाढण्याचे काम केलेल्या गृहिणींना, कदाचित तो न्याय वाटेल.

न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मोठ्यांच्या बाजूने कौल दिला. हा दंडक बाजारातील स्पर्धेचा गळा आवळणारा आहे, असे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी निर्णयात नमूद केले. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे एके काळचे नामवंत खेळाडू होते. हा खेळ विद्येच्या संस्थांचा आहे, निव्वळ व्यापाऱ्यांचा नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते मत मागे पडले. त्या दिवसापासून प्रत्येक कॉन्फरन्स आपला माल आपण विकू लागली, आणि जिच्याकडे प्रेक्षक अधिक तिच्याकडे पैसा अधिक, हा क्रम सुरू झाला.

मोठ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. लक्षावधी लोक ज्यांचा खेळ पाहण्यासाठी पडद्यापुढे बसतात, त्यांनीच आपला वाटा सोडावा, असे कोणत्या व्यवहारात घडते? ज्याच्या शेतात पीक, त्याच्या घरी धान्य, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मात्र खेळाचे पीक एकट्याच्या शेतात येत नाही. समोर कोणी उभा राहिल्याशिवाय सामनाच होत नाही.

बंद दार आणि ते ठोठावणारे

१९९८ च्या हंगामापासून सहा मोठ्या कॉन्फरन्सांनी चार प्रमुख बाऊलांना हाताशी धरून एक योजना आखली. तिला 'बी.सी.एस.' म्हणत. क्रमवारीतील पहिल्या दोन संघांची अंतिम लढत होणार आणि सहा कॉन्फरन्सांच्या विजेत्यांना मोठ्या बाऊलांत हमखास जागा मिळणार, असे तिचे स्वरूप होते. इतर पाच कॉन्फरन्सांच्या विजेत्याला जागा हवी असेल तर त्याने क्रमवारीत फार वर यावे, अशी अट होती. पैशांतही तोच प्रकार. पुढील काळातील नियमानुसार त्या पाचांना मिळून निव्वळ उत्पन्नाचा नऊ टक्के भाग मिळे. त्यांतील एखादा संघ आत शिरलाच तर आणखी नऊ टक्के.

तरीही काही जण शिरले. युटा विद्यापीठाचा संघ २००४ च्या हंगामात प्रथम आत आला. निळ्या रंगाच्या मैदानावर खेळणाऱ्या आयडाहोतील बॉइसी स्टेटने १ जानेवारी २००७ रोजी ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३-४२ असे हरविले. १९८४ चा खटला जिंकणारे ओक्लाहोमा ते हेच. २००८ च्या हंगामात युटाने एकही सामना न गमावता बलाढ्य अलाबामाला ३१-१७ असे नमविले. २०१० च्या हंगामात टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने, म्हणजे टी.सी.यू.ने, तेराच्या तेरा सामने जिंकून रोझ बाऊलही जिंकला. यांपैकी कोणालाही विजेतेपदासाठी खेळण्याची संधी मिळाली नाही. एकही सामना न हरलेल्यास विजेतेपदाची लढतच मिळू नये, ही गोष्ट वर्तमानपत्रांनाच नव्हे, तर अमेरिकन संसदेलाही खटकली आणि तेथे यावर साक्षी झाल्या.

टी.सी.यू.ची कथा थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. हे विद्यापीठ टेक्सासमधील 'साउथवेस्ट कॉन्फरन्स' या जुन्या बिरादरीत होते. १९९६ मध्ये ती बिरादरी मोडली. चार विद्यापीठांना नव्या 'बिग ट्वेल्व्ह'मध्ये जागा मिळाली, टी.सी.यू., राइस, ह्यूस्टन आणि सदर्न मेथडिस्ट ही चार बाहेर राहिली. टी.सी.यू. पुढे एका कॉन्फरन्समधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे भटकत राहिले. अपराजित राहून रोझ बाऊल जिंकल्यानंतर, २०१२ मध्ये, त्याच बिग ट्वेल्व्हने त्याला आत घेतले. २०२३ च्या जानेवारीत हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात उभा होता. तो ६५-७ असा हरला, पण उभा होता.

यातच मोठ्यांची चतुराई आहे. जो कोणी दार फार जोराने ठोठावी, त्याला ते आत घेत. युटा २०११ मध्ये मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेले, टी.सी.यू. २०१२ मध्ये. २०१७ च्या हंगामात अपराजित राहूनही डावलले गेलेले सेंट्रल फ्लॉरिडा आणि २०२१ मध्ये बाहेरून प्रथमच अंतिम चौघांत आलेले सिनसिनाटी ही दोन्ही २०२३ मध्ये बिग ट्वेल्व्हची सभासद झाली. तक्रार करणाऱ्यालाच पाट दिला म्हणजे तक्रार मिटते. दार मात्र होते तसेच राहते, आणि बाहेर उरलेल्यांचा आवाज आणखी क्षीण होतो.

चाराचे बारा झाले

२०१४ च्या हंगामात बी.सी.एस. जाऊन चार संघांचे 'प्लेऑफ' आले. एका निवड समितीने चार संघ निवडायचे, दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम. पाच मोठ्या कॉन्फरन्स आणि चार जागा. तेव्हा एकाला दरवर्षी उपास ठरलेलाच. उपासाची पाळी केवळ लहानांवरच येत असे, असेही नाही. २०२३ मध्ये फ्लॉरिडा स्टेट हा 'ए.सी.सी.' या मोठ्या कॉन्फरन्सचा विजेता तेराही सामने जिंकून आला. त्याचा प्रमुख खेळाडू जायबंदी झाला आहे, असे कारण पुढे करून समितीने त्याला वगळले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतले. सगळे जिंकूनही पाट नाही, ही वेळ मोठ्याच घरच्या एका मुलावर आली, तेव्हा मोठ्या घरांनाही तिचा चटका कळला.

२०२४ च्या हंगामापासून चाराचे बारा झाले. क्रमवारीतील सर्वोच्च पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना जागा निश्चित आणि उरलेल्या सात जागा समितीच्या पसंतीने, असा नियम झाला. मोठ्या कॉन्फरन्स आता चारच उरल्या होत्या. म्हणून पाचवा पाट बाहेरच्याला मिळणार हे ठरूनच गेले. पहिल्याच वर्षी बॉइसी स्टेटला तिसरा क्रमांक मिळून पहिल्या फेरीत विश्रांतीही लाभली. २०२५ च्या हंगामात तर नवल घडले. ए.सी.सी.चा विजेता ड्यूक पाच सामने हरलेला असल्याने क्रमवारीत खाली गेला आणि टुलेन व जेम्स मॅडिसन हे बाहेरचे दोन संघ बारांत आले. दोघेही पहिल्याच फेरीत मोठ्या फरकाने हरले, हेही सांगितले पाहिजे. त्यानंतर २०२६ पासून चारही मोठ्या कॉन्फरन्सांच्या विजेत्यांना क्रमवारी न पाहता जागा राखून ठेवण्याचे आणि बाहेरच्यांसाठी एक जागा नक्की ठेवण्याचे ठरले.

तात्पर्य, पाट वाढले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला दारात उभे करीत नसत, त्याच्यासाठी आज एक पाट नक्की मांडलेला आहे. ही लहान गोष्ट नव्हे.

पळी कोणाच्या हाती?

आता पानात काय पडते ते पाहू. प्लेऑफचे पैसे विद्यापीठांना थेट मिळत नाहीत. ते कॉन्फरन्सला मिळतात आणि कॉन्फरन्स आपल्या नियमाने सभासदांत वाटते. २०२४ च्या हंगामात बारांत येणाऱ्या प्रत्येक संघामागे त्याच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत, उपांत्यपूर्व फेरीसाठी आणखी ४० लाख, मग ६० लाख आणि अंतिम सामन्यासाठी पुन्हा ६० लाख. जो जिंकेल त्याच्या घरी अधिक, हा हिशेब सरळ होता. त्याशिवाय प्रत्येक कॉन्फरन्सला ठरीव वाटा असे, आणि चार संघांच्या प्लेऑफच्या काळात पाच लहान कॉन्फरन्सांना मिळून एकंदरीत सुमारे पाचवा हिस्सा मिळत असे.

२०२४ च्या मार्चमध्ये पुढील सहा वर्षांचा सौदा ठरला. 'ई.एस.पी.एन.' ही दूरचित्रवाणी कंपनी त्यासाठी सुमारे ७८० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर, देणार आहे. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार २०२६ पासून बिग टेन आणि दक्षिणेकडील 'एस.ई.सी.' या दोघींना प्रत्येकी सुमारे २९ टक्के, ए.सी.सी.ला सुमारे १७, बिग ट्वेल्व्हला सुमारे १५, आणि लहान कॉन्फरन्सांना साऱ्या मिळून सुमारे ९ टक्के. फुटबॉलपुरते कोणत्याही कॉन्फरन्सचे सभासद नसलेल्या नोत्र दाम या एकट्या विद्यापीठाला एक टक्क्याहून किंचित अधिक.

हा नऊचा आकडा वाचकांच्या ओळखीचा वाटेल. बंद दाराच्या जमान्यात बाहेरच्यांचा वाटा नऊ टक्केच होता. एक पाट मिळविण्यासाठी पंचवीस वर्षे झगडा झाला, पाट मिळाला, आणि पानातला वाटा होता तेथेच परत आला! एकूण रक्कम फुगल्यामुळे त्या नऊ टक्क्यांतही पूर्वीपेक्षा कमी डॉलर येतील असे नाही. पण शेजारच्या पानाशी तुलना केली म्हणजे अंतर दिसते. बिग टेनच्या प्रत्येक सभासदाला या एका सौद्यातून वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळतील. लहान कॉन्फरन्समधील सभासदाच्या वाट्याला साधारण त्याचा दहावा भागही येणार नाही.

याहूनही महत्त्वाचे कलम निराळे आहे. २०२६ पासून प्लेऑफचे स्वरूप कसे असावे, किती संघ असावेत, हे ठरविण्याचा प्रमुख अधिकार बिग टेन आणि एस.ई.सी. यांच्याकडे गेला आहे. इतरांशी त्यांनी विचारविनिमय करावयाचा एवढेच. इतरांनी ही कलमे का मान्य केली? मोठ्या दोघी स्वतंत्र पंगत मांडतील, या भीतीने. वेगळ्या चुलीची धमकी ही एकत्र कुटुंबातील सर्वांत जुनी धमकी आहे, हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

मोडलेली बिरादरी

या ओढाताणीत एका जुन्या घराचे वासे खिळखिळे झाले. पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्स १९१५ मध्ये पोर्टलंड येथील एका हॉटेलात चार विद्यापीठांनी स्थापिली होती. तिचे पुढचे नाव 'पॅक ट्वेल्व्ह'. रोझ बाऊलचा अर्धा मान अनेक पिढ्या तिच्याकडे होता. २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजल्सच्या दोन बड्या विद्यापीठांनी बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले. २०२३ च्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीचा चांगला सौदा हाती येईना, तेव्हा एकामागून एक सभासद बाहेर पडले. ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही संस्थापकांपैकी दोन विद्यापीठेही गेली. बारांपैकी उरली दोन: कॉरव्हॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही लहान गावांतली, शेतकी शिक्षणाची परंपरा असलेली.

या दोघांनी हात टेकले नाहीत. जाणाऱ्यांनी कॉन्फरन्सच्या मालमत्तेवर मतदान करू नये म्हणून त्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२३ अखेर कारभार त्यांच्या हाती आला. आता बॉइसी स्टेट वगैरे नवे सभासद जमवून २०२६ च्या जुलैपासून तेच जुने नाव पुन्हा उभे करण्याचे त्यांनी ठरविले आहे. घर पडले तरी पाटी त्यांनी खाली उतरू दिली नाही.

जे गेले त्यांचे तरी सारे गोडच झाले असे नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही विद्यापीठे आज अटलांटिक किनाऱ्याचे नाव मिरविणाऱ्या ए.सी.सी.मध्ये आहेत, आणि तीही पहिली काही वर्षे बराच कमी वाटा पत्करून. सदर्न मेथडिस्टने तर नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या पैशांचा वाटाच सोडून तेथे प्रवेश मिळविला. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. पण व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही आता सामन्यांसाठी खंड ओलांडून जावे लागते. परीक्षेची पुस्तके विमानात उघडावी लागतात. सौदा एका खेळाचा, शीण मात्र सगळ्यांचा.

समान वाढपाचे फळ

एवढे सारे सांगितल्यावर एक चांगली गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. कॉन्फरन्सांच्या आपसांत पंक्तिप्रपंच असला तरी एकेका कॉन्फरन्सच्या घरात बहुतांशी समान वाढप असते. नवागतांना काही वर्षे कमी मिळते, एरवी बिग टेन आणि एस.ई.सी. आपल्या सभासदांत मोठे उत्पन्न साधारण सारखेच वाटतात. व्हँडरबिल्ट हे एस.ई.सी.मधील अभ्यासू विद्यापीठ फुटबॉलमध्ये अनेक दशके मार खात आले. तरी त्याचा वाटा अलाबामाएवढाच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच व्हँडरबिल्टने क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या अलाबामाला ४०-३५ असे हरविले.

इंडियाना विद्यापीठाची गोष्ट तर कादंबरीत शोभावी. १८९९ पासून ते बिग टेनचे सभासद. आणि या खेळाच्या वरिष्ठ गटात सर्वाधिक पराभवांचा दुर्लौकिक वर्षानुवर्षे त्याच्याच नावावर. पराभव झाले म्हणून बिग टेनने त्याचे पान आखडते घेतले नाही. २०२६ च्या जानेवारीत तेच इंडियाना, सोळाच्या सोळा सामने जिंकून, राष्ट्रीय विजेते झाले. दुबळ्या भावाच्या पानात सारखे वाढले म्हणजे केव्हा तरी तो घराचे नाव काढतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

मात्र या उदाहरणाला दुसरी बाजू आहे. इंडियानाला हा दिवस दाखविणारे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी २०२३ पर्यंत जेम्स मॅडिसनमध्ये होते. येताना तेथील कित्येक खेळाडूही त्यांच्यामागून आले. लहान घराने वाढविलेले रोप मोठ्या घरच्या अंगणात फुलले. आणि आता तर खेळाडूंना वेतनही देता येते. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत देऊ शकते. खेळाडूंच्या घामाचे मोल त्यांना मिळावे हे रास्तच आहे. पण हा आकडा आणि मोठ्या सभासदाला नव्या सौद्यातून मिळणारा वाटा यांची तुलना करून पाहावी. दोन्ही जवळजवळ सारखेच. ज्याच्या पानात वाटा मोठा पडतो त्याला उत्तम खेळाडू घेता येतात, उत्तम खेळाडू असतात तो जिंकतो, आणि जिंकतो म्हणून पुढचा वाटाही तोच मागतो.

घरातल्या समतेलाही आता तडे जाऊ लागले आहेत. ए.सी.सी.मध्ये फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी न्यायालयाचे दार ठोठावल्यावर २०२५ च्या मार्चमध्ये तडजोड झाली, आणि ज्याचे सामने अधिक लोक पाहतात त्याला अधिक वाटा, हे तत्त्व तेथे आत शिरले. चार केंद्रांवरील सामन्याला दोनशे केंद्रांवरील सामन्याएवढे पैसे देण्याची १९८१ मधील रीत, एकाच बिरादरीच्या आतही, नकोशी झाली.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. पानात फारसे काही पडत नसताही पंगतीत बसून राहण्यासाठी लहान विद्यापीठांना मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या यांवर खर्च करावाच लागतो. वरून येणारा वाटा अपुरा पडला म्हणजे तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरून काढतात. बड्या विद्यापीठांना अशी फी घ्यावी लागतेच असे नाही. रसायनशास्त्राच्या त्या मुलाच्या फीमध्ये जी रक्कम होती, तिच्या मागे हा सारा इतिहास उभा होता. ज्या पंगतीत तो कधी बसला नाही, तिच्या खर्चाची वर्गणी त्याच्या आजोबांच्या पेन्शनीतून जात होती.

आम्ही हे सारे सांगितल्यावर आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी आई शेवटी जेवायला बसे, आणि पळी तिच्या हाती असे. म्हणून कधी कोणाला कमी पडले नाही." त्यांच्या या बोलण्यावर आम्हांला काही अधिक सुचले नाही. अमेरिकेतल्या त्या थोर पंगतीत जागा वाढल्या, पक्वान्ने वाढली, प्रेक्षक तर कोट्यवधी झाले. सर्वांत शेवटी जेवणारा वाढपी मात्र तेथे कोणी उरला नाही.